दर चौथ्या गुरुवारी

माझ्या मुलीनं परवा मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं की, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना म्हणे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे बारीक भाव ओळखायला जरा जड जातं. ढोबळ भाव कळतात, म्हणजे समोरचा बोंबलतोय की हसतोय एवढं समजतं. घोळ होतो तो संकोच, संशय, ओशाळलेपण असल्या अवघड भावांपाशी. यावर सगळ्या शास्त्रज्ञांचं एकमत नाही, असंही खाली लिहिलं होतं, पण ती ओळ तिनं भराभर वाचून टाकली. मी तिला म्हटलं, हे निमित्त मी तुझ्या जन्माआधीच वापरून त्याचा चोथा केलाय. ती हसली. आमचे हे शेजारीच पेपर वाचत होते. ते हसले नाहीत, कारण त्यांनी ऐकलंच नव्हतं.

लग्न करून मी पुण्याहून दिल्लीला आले ती थेट सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत होते. तळमजला, दोन खोल्या, मागे छोटं अंगण, पुढे हिरवळीचा तुकडा, आणि माणसं पाच: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि माझी धाकटी नणंद. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तेव्हा मनातलं बोलून भागत नाही, कारण बोललेलं सगळ्यांनाच ऐकू जातं. त्यामुळे त्या घरात कुणीच काही बोलत नसे. सासूबाई रागावल्या की कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त व्हायच्या. सासरे रागावले की रेडिओवरच्या बातम्या इंग्रजीतून ऐकायचे. नणंदेचं काही बिनसलं की ती न सांगता सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करायला घ्यायची. नव्या सुनेला दुसरं पाठ्यपुस्तक मिळत नाही, तेव्हा मी हेच पाठ केलं.

एक गोष्ट मात्र मला लवकर समजली. घरात बाईला राग आला की त्याला शरीराचं कारण असायचं, पुरुषाला आला की ऑफिसचं. सासूबाईंची पाळी जाऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती. त्या एखाद्या गोष्टीवर अडून बसल्या की सासरे आणि हे एकमेकांकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, वय आहे, चालायचंच. नणंद चिडली की तिची तारीख जवळ आली असेल, आणि मी चिडले की मला दिल्लीची हवा सोसत नसेल. सासरे एकदा पंखा हळू फिरतो म्हणून ताटावरून उठून गेले होते. ते बढती अडल्यामुळे.

चेहरे वाचण्यात मी पुढे इतकी तयार झाले की बाहेरूनही बोलावणी यायला लागली. दिल्लीत मराठी घरं तशी मोजकी. लग्नं जुळतात ती त्याच पाच-पन्नास घरांत, आणि नकार द्यायचा म्हणजे पंचाईत, कारण ज्यांना नकार दिला त्यांच्याच शेजारी पुढच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभं राहायचं असतं. म्हणून सरळ कुणी विचारतच नसे. आधी अंदाज घ्यायचा, होकार असेल तरच विचारायचं. हा अंदाज घ्यायला मला नेत. मी चहाचा ट्रे धरून मुलीच्या मागेपुढे करायची आणि घरी परतताना रिक्षात निकाल सांगायची. तीन लग्नं माझ्या निकालावर झाली. त्यातली दोन चांगली चालली आहेत, आणि तिसऱ्याचं त्या दोघांनाच ठाऊक.

देश तेव्हा नुकताच खुला झाला होता असं पेपरात येत असे. आमच्यापुरता तो गुडगावच्या बाजूनं खुला झाला. तिथल्या एका बिल्डरच्या साइट ऑफिसात मला नोकरी लागली. चारी बाजूंनी मोहरीची शेतं, मधोमध काचेचं एअरकंडिशन ऑफिस आणि त्याला लागून एक सॅम्पल फ्लॅट. सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळं होतं. पलंगावर मखमली चादर होती, फळांच्या टोपलीत प्लॅस्टिकची सफरचंदं होती, बाथरूममध्ये परदेशी नळ होते. फक्त नळांना पाणी नव्हतं, कारण खाली पाइपच टाकलेले नव्हते. मी आलेल्या कुटुंबाला फ्लॅट फिरवून दाखवायची आणि नंतर साहेबांना सांगायची की ही माणसं घेणारी आहेत की कोल्ड ड्रिंक पिऊन जाणारी. साहेब विचारायचे, सीरियस है या टाइमपास? मी एका शब्दात सांगायची, आणि ते सहसा बरोबर निघायचं. नवरा हो हो म्हणत असताना बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून किती वेळ बाहेर बघते, यावर सगळं असे.

इतरांना फ्लॅट दाखवता दाखवता आमचाही फ्लॅट ठरला. ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांची सोसायटी होती, तिला द्वारकेत जमीन मिळाली होती. तेव्हा त्या भागाला लोक पप्पनकलां या तिथल्या जुन्या गावाच्या नावानंच ओळखायचे, आणि मेट्रोचं नावही कुणाच्या तोंडात नव्हतं. दोन बेडरूम, हॉल, किचन, दोन बाल्कन्या. लेआउटची एक झेरॉक्स ह्यांनी घरी आणली, आणि मी त्यावर पेन्सिलीनं सामान मांडत बसायची. आमचा पलंग इथे, सासू-सासऱ्यांचा तिथे, देवघर ईशान्येला, फ्रिज कोपऱ्यात. खोडायचं आणि पुन्हा काढायचं, असं कित्येक रविवारी चाललं.

आधी फ्लॅट, मग मूल, हा निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला, असं हे अजूनही सांगतात. अंमलबजावणी माझ्याकडे आली. मार्केटमागच्या लेडी डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचं, आणि धीर दिला की, थोड़ा मूड ऊपर-नीचे होगा, घबराना नहीं. चेहऱ्यांविषयी ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. डॉक्टरकडे जाऊन, मला लोकांची तोंडं नीट दिसतील ना, असं कोण विचारतं?

गोळ्या मी सॅनिटरी नॅपकिनच्या पुड्यात लपवायची. त्या पुड्याकडे घरातला एकही पुरुष नजर टाकत नसे, आणि सासूबाईंना आता त्याचं काम उरलेलं नव्हतं. त्यांच्यापासून हे लपवणं भागच होतं. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि त्या तोंडानं काही विचारत नसल्या तरी जेवताना कैरीच्या लोणच्याची बरणी बरोबर माझ्या ताटाशी आणून ठेवायच्या आणि मी किती वाढून घेते ते बघायच्या. दर गुरुवारी दत्ताला नारळ फोडायच्या. कशासाठी ते सांगायच्या नाहीत, पण ते कळायला चेहरा वाचता यायची गरज नव्हती. मला अपराधी वाटायचं. फार नाही, कारण लेआउट खरंच छान होता.

पाळीतले चार दिवस देवाला शिवायचं नाही, एवढा एकच नियम त्या घरात शिल्लक होता. स्वयंपाक केलेला देवाला चालत होता, भांडी घासलेली चालत होती, साडेसातची बस पकडून गुडगावला जाऊन संध्याकाळी परत येऊन भाजी चिरलेलीही चालत होती. फक्त देवाजवळ दिवा मी लावायचा नाही. त्या दिवशी सकाळी मी नुसतं म्हणायची, आई, आज तुम्ही लावा, आणि त्या लावायच्या.

गोळ्या सुरू करून सहा-आठ महिने झाले असतील. एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. नवरा बोलका, बायको गप्प. फिरता फिरता ती बाथरूममध्ये शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी साहेबांना सांगून टाकलं की बाईला टाइल्स फार आवडलेल्या दिसतात, हे नक्की बुक करणार. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड ओलं होतं. पाचच मिनिटांनी कोल्ड ड्रिंकचा ग्लास टेबलावर आपटून तिनं नवऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं की, मला माझ्या आईपासून इतक्या लांब या जंगलात राहायचं नाही. दोघं भांडत भांडत गाडीत बसून गेली. साहेब हसले. मला मात्र संध्याकाळी बसमध्ये आठवलं की त्या नळांना पाणी नव्हतं, तरी बाईचं तोंड ओलं होतं. एवढं साधं मला दिसू नये?

असं मग आणखी दोन-तीनदा झालं. मी ह्यांना सांगितलं की हल्ली मला माणसं नीट कळत नाहीत, त्या गोळ्यांनी असेल का? ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण फ्लॅटचं ठरलंय ना?

आता नणंदेविषयी. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, जन्म दिल्लीतला, शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत आणि मग कॉलेजात. एका नर्सरी शाळेत शिकवायची. मला वहिनी म्हणायची आणि मान तर इतका द्यायची की मला कधी कधी लाज वाटायची. कुठला ड्रेस घेऊ, कुठल्या मैत्रिणीकडे जाऊ, सगळं आधी मला विचारायची. मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

सासरे जूनअखेर रिटायर होणार होते. सरकारी क्वार्टरवाल्यांचा एक दंडक असतो, मुलीचं लग्न क्वार्टरमधूनच व्हायला हवं. समोरच्या पार्कमध्ये शामियाना, शेजाऱ्यांच्या खोल्यांत पाहुणे, आचाऱ्याची चूल मागच्या अंगणात, आणि पत्रिकेवर सरोजिनी नगरचा पत्ता. एकदा क्वार्टर सोडलं की हे सगळं गेलं. म्हणून रिटायरमेंट जवळ आलेल्या प्रत्येक घरात शेवटच्या वर्षी मुलीच्या लग्नाची घाई सुटते. मुलगी तयार आहे की नाही हे कुणी बघत नाही, क्वार्टर किती महिने उरलंय ते बघतात.

जानेवारीत एक स्थळ आलं. मुलगा नोएडाच्या कॉम्प्युटर कंपनीत, कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती. सोबत त्याची आई. मुलाच्या वाटणीचंही तीच बोलत होती. मटार कचोरी झाली, चहा झाला, आणि मग मोठ्या मनानं दोघांना समोरच्या हिरवळीवर दहा मिनिटं बोलायला सोडलं. आम्ही पडद्याआडून बघणार नाही असं दाखवत बघत होतो. दहाची सहा मिनिटंच झाली. मुलगा आत येऊन बसला आणि थंड झालेल्या कचोरीतले मटार एकेक करून बाजूला काढायला लागला. नणंद आली ती दाराशीच थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

सासूबाई माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आल्या. काय म्हणतेस, असं त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं.

मी म्हटलं, "तिला पसंत आहे. लाजतेय."

"नक्की?"

"नक्की, आई."

त्यांनी साखरेचा डबा काढला आणि बाहेर जाऊन सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. हे खुश झाले, सासरे खुश झाले, मुलाची आई आधीपासूनच खुश होती. लग्न एप्रिलअखेर ठरलं.

फेब्रुवारीत मी नणंदेला घेऊन मार्केटमधल्या शिंप्याकडे गेले. साखरपुड्याच्या ब्लाउजचं माप त्यानं महिन्यापूर्वीच घेतलं होतं, आता लग्नाचे शिवायचे होते. मास्टरजींनी टेप लावला, वहीत बघितलं, पुन्हा टेप लावला. चष्मा कपाळावर चढवून मला म्हणाले, बेटी बीमार है क्या? दो इंच उतर गयी है. मी म्हटलं, नाही हो, लग्नाचं टेन्शन. वहीतला जुना आकडा खोडून त्यांनी नवा लिहिला.

बाहेर आम्ही शकरकंदीच्या गाडीपाशी थांबलो. भाजलेल्या रताळ्याच्या फोडी, लिंबू, मसाला, वर काड्या टोचलेल्या. थंडीत नणंद ती दोन दोन द्रोण खायची. त्या दिवशी ती नुसती काडीनं फोडी इकडच्या तिकडे करत होती. मी सरळच विचारलं. एक शिंपी मला टेप लावून माझ्या घरातल्या माणसाची अवस्था सांगतो, याचा मला खरं म्हणजे राग आला होता.

ती द्रोणात बघत बोलली. "वहिनी, त्या दिवशी बाहेर तो मला म्हणाला, मला हे लग्न करायचं नाहीये, पण मम्मीला नाही म्हणता येत नाही. प्लीज, आप मना कर दो. असं हिंदीतच म्हणाला एकदम."

मी विचारलं, मग तू का नाही म्हणालीस?

"मी आत आले तेव्हा तुमच्याकडेच बघत होते ना. म्हटलं, वहिनींना बिल्कुल कळेल, त्या सांभाळून घेतील. मग आईनं साखर आणली. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि कळूनही तुम्ही हो म्हटलंय, म्हणजे आता हेच करायचं असेल."

तिनं सहा आठवडे हे पोटात ठेवलं होतं. मी कळून हो म्हणाले असेन, म्हणून. माझ्या हातातली काडी मोडली. आणि मग मी तिला सांगितलं, जे सासूबाईंना सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. गोळ्यांचं. त्या सुरू झाल्यापासून मला चेहरे कसे कळेनासे झालेत, ती सॅम्पल फ्लॅटमधली बाई, तिचं ओलं तोंड, सगळं. मला वाटलं मी केवढा कबुलीजबाब देतेय. ती आता माझा हात धरेल आणि म्हणेल, अच्छा, म्हणून होय.

तिनं एक फोड तोंडात टाकली, चावून गिळली आणि विचारलं, "आणि दादा कुठल्या गोळ्या घेत होता?"

मी मोडकी काडी गाडीखालच्या डब्यात टाकली.

"बाबा? तेही तिथेच बसले होते, वहिनी."

हे ती चिडून म्हणाली नाही. ती खरंच विचारत होती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मार्केटमधून घर चालत सात-आठ मिनिटांवर. त्या सात-आठ मिनिटांत मला पुन्हा सगळं दिसलं. ते पांढरं पडलेलं बोट, बाजूला काढलेले मटार. आठवलं असं म्हणणं खोटं होईल, कारण मी ते विसरलेच नव्हते. त्या दिवशी दाराशी मला काहीतरी खटकलं होतं. आणि खटकलं त्याच क्षणी मनात काय आलं होतं तेही मला ठाऊक होतं. लेआउटच्या झेरॉक्सवर मी कितीतरी रविवारी पलंग काढले होते, खोडले होते, पुन्हा काढले होते. नणंदेचा पलंग त्यात एकदाही नव्हता. मला स्वतःची फार लाज वाटली.

घरी सासूबाई हिरवळीवर उन्हात खाट टाकून मटार सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि शेंगा हातात घेतल्या. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मी तेव्हा खोटं बोलले असं सांगायचं, किंवा गोळ्यांमुळे मला दिसलंच नाही असं सांगायचं. दीड वर्षं सुनेनं नातवंड अडवून ठेवलं हे सासूला सांगणं ही त्यातली सोपी वाट होती, यावरून पहिली केवढी अवघड असेल ते समजा. मी सोपी धरली. म्हटलं, आई, हे लग्न करायला नको, तिला नकोय आणि त्यालाही नकोय. मला त्या दिवशी ओळखता आलं नाही, कारण मी गोळ्या घेतेय.

त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "गोळ्यांचं मला माहितीये."

मला वाटलं पुडा सापडला असणार. पुड्याला त्यांनी हातही लावला नव्हता.

"दर चौथ्या गुरुवारी तू म्हणतेस, आई, आज तुम्ही लावा. दीड वर्षात एकदा शुक्रवार नाही झाला. बाईचं शरीर आहे की सरकारी सुट्ट्यांची यादी?"

मग त्या नारळांचं काय, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्या म्हणाल्या, ते नारळ तुझ्यासाठी कुठे होते, हिला बरं स्थळ मिळावं म्हणून होते. आणि लोणचं? लोणचं तुला आवडतं म्हणून. दीड वर्षं मी त्या बाईच्या चेहऱ्यावर नातवंडाची आस वाचत होते, आणि त्या मला ताटात काय आवडतं ते बघत होत्या. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं.

त्यांनी पुढची शेंग सोलली. टरफलं एका बाजूला, दाणे पातेल्यात. मग माझ्याकडे न बघता त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरले नाही.

"पोरीचं तोंड मलाही दिसलं होतं गं. नऊ महिने पोटात वागवलीय तिला. तू नक्की म्हणालीस आणि मी सुटले."

त्या वेळी त्यांना कुठल्याच गोळ्या चालू नव्हत्या. शरीरातलं जे काय चढतं-उतरतं म्हणतात तेही त्यांचं कधीच थांबलं होतं. त्यांना फक्त जूनच्या आत पार्कमध्ये शामियाना हवा होता.

संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन केला. मुलाच्या आईला सांगितलं की पत्रिका पुन्हा दाखवली, मुलीला कडक मंगळ निघाला. मंगळ बिचारा नेहमीच उपयोगी पडतो. घरात दोन दिवस सासऱ्यांनी बातम्या इंग्रजीतून ऐकल्या. ह्यांनी मला खासगीत विचारलं की आईनं असं अचानक का केलं, आणि माझं काही उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाले, वय आहे, चालायचंच. नणंद त्या रात्री भरपूर जेवली. मुलाची आई पुढची दोन वर्षं गणेशोत्सवात आमच्याकडे पाठ करून बसली. मुलगा मात्र अमेरिकेहून सुट्टीवर आला तेव्हा प्रसादाच्या रांगेतून वाकून माझ्या हातावर त्याच्या वाटणीचा मोदक ठेवून गेला.

आणि मे महिन्यात सरकारनं निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ केलं. सासऱ्यांना आणखी दोन वर्षं मिळाली, क्वार्टरलाही मिळाली. ज्या जूनसाठी आम्ही एका मुलीचा बळी द्यायला निघालो होतो, तो जून आला आणि नुसता उकडून गेला.

मी गोळ्या बंद केल्या. आता धुकं हटेल आणि चेहरे लख्ख दिसायला लागतील, अशी बरेच दिवस वाट बघितली. खास फरक पडला नाही. दिसायला तेव्हाही दिसत होतं, आताही दिसत होतं. गोळ्यांनी थोडं मंद केलं असेलही, त्या नळाच्या बाईचा हिशोब मला अजून लागलेला नाही. पण दाराशी उभ्या नणंदेचा लागलाय, आणि तो गोळ्यांवर टाकता येत नाही.

द्वारकेत राहायला गेलो तेव्हा नणंदेचा पलंग हॉलमध्ये टाकला. लेआउटमध्ये तो कुठेच बसत नव्हता, प्रत्यक्षात तीन वर्षं बसला. पुढे तिनं स्वतःच एक मुलगा शोधला आणि आम्हाला सगळं ठरल्यावर सांगितलं. त्याचा चेहरा बघायला तिनं मला बोलावलं नाही. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबरच होतं.

परवा मुलीनं ती मोबाइलवरची बातमी वाचली, आम्ही हसलो, आणि मी किटलीतून चहा ओतायला लागले. तेव्हा तिच्या बशीतल्या टोस्टकडे माझं लक्ष गेलं. तिनं त्याचे बारीक बारीक तुकडे करून कडेला लावून ठेवले होते, खाल्ला एकही नव्हता. आणि गोळ्यांची बातमी कुणी उगीच आईला वाचून दाखवत नाही. मला दिसलं. चहा ओतत राहणं मला चांगलं जमतं, पंचवीस-तीस वर्षांचा सराव आहे.

मी किटली खाली ठेवली आणि विचारलं, "काय झालंय? सांग."

तिनं एकदा बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बोलायला लागली. ह्यांनी पेपरचं पान उलटलं आणि कप पुढे करून विचारलं, चहा राहिलाय का?